चांगलं शून्य

कुऱ्हाडफेकीच्या या सामन्यातून दातांच्या डॉक्टरांना मिळण्यासारखं होतं ते एकच, भिंतीवरची एक खुंटी. कप नाही, पदक नाही, फोटोसुद्धा नाही. कारण हॉलवाल्याचा कपांवर विश्वास नव्हता आणि फोटोंवर त्याहून नव्हता. हॉलच्या डाव्या भिंतीवर, पाण्याच्या बादलीच्या वर, आठ लाकडी खुंट्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीवर कोणाची ना कोणाची कुऱ्हाड. ज्याला खुंटी मिळाली तो सामना संपला की कुऱ्हाड टांगून, हात झाडत, मोकळ्या अंगाने घरी जायचा. बाकीच्यांनी आपापली कुऱ्हाड टॉवेलात गुंडाळून बसमधून न्यायची आणि शेजारी बसणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. मागच्या महिन्यात सातव्या खुंटीचा मालक, एक पियानोचे सूर जुळवणारा म्हातारा, दुसऱ्या शहरात मुलाकडे राहायला गेला. जाताना कुऱ्हाड घेऊन गेला, खुंटी राहिली. हॉलवाला म्हणाला, हंगाम जो जिंकेल त्याची. आणि आता हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, बारा फुटांच्या रेघेवर, शेजारशेजारच्या दोन फळ्यांसमोर दोघं उभे होते: डॉक्टर, वय सत्तावन्न, आणि त्यांच्या मुलीची सासू, म्हणजे त्यांची विहीण, वय एकसष्ट.

खुंटीची गरज दोघांना सारखीच होती, आणि दोघांच्या गरजेला कारण एकच होतं. ते कारण आत्ता जाळीच्या पलीकडे डॉक्टरांच्या बायकोच्या मांडीवर बसून तिच्या घड्याळाचा पट्टा चोखत होतं. नात आठ महिन्यांची. पंधरा दिवसांपूर्वी ती रांगायला लागली, आणि रांगायला लागल्यापासून तिला खालच्या फडताळांची दारं उघडायचा नाद लागला. राहायची विहिणीकडे, शनिवार-रविवार डॉक्टरांकडे. विहिणीची कुऱ्हाड ओट्याखाली असायची, डॉक्टरांची पलंगाखाली. दोन्ही घरांतून एकाच आठवड्यात हुकूम निघाला. विहिणीकडे मुलाने काढला, डॉक्टरांकडे बायकोने. तोंडात एकही दात नसताना त्या पोरीने दोन घरांतल्या दोन कुऱ्हाडी बाहेर काढल्या. डॉक्टरांनी कुऱ्हाड दवाखान्यात नेऊन ठेवून पाहिली, एक्स-रेच्या जाड एप्रनमागे. तिसऱ्या दिवशी एका पेशंटला ती दिसली. "डॉक्टर, माझी दाढ एवढी अवघड आहे का?" तो हसतच म्हणाला, पण खुर्चीतून उठला तो परत आला नाही, आणि त्याने आपल्या मेव्हण्यालाही येऊ दिलं नाही. तेव्हा आता गोष्ट सरळ होती. खुंटी मिळाली तर खेळ चालू, नाही मिळाली तर कुऱ्हाड कोणाला तरी देऊन टाकायची. हॉलच्या कुऱ्हाडींवर सराव करता यायचा, पण सामन्याला स्वतःची लागायची. छप्पन्नाव्या वर्षी सापडलेली वस्तू अठ्ठावन्नाव्याच्या आत परत करायची, हे डॉक्टरांना आपल्या एकंदर चालीला धरूनच वाटलं. त्यामुळेच ते बेचैन होते.

कारण त्यांची चालच तशी होती. दीड वर्षापूर्वी एका दुपारी, जेवणाच्या टेबलावर, त्यांना हे पहिल्यांदा कळलं, आणि तेही दुसऱ्याने सांगितलं म्हणून. मुलगी तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच निवांत राहायला आली होती. काहीतरी सांगत होती, नव्या घराबद्दल, सासूच्या मोठमोठ्या टोपांबद्दल. मध्येच तिचा चमचा टेबलावर टण्णकन आपटला. ताट नव्हतं. ताट डॉक्टरांच्या हातात होतं, आणि डॉक्टर मोरीच्या वाटेवर. "बाबा," मुलगी म्हणाली, चिडून नाही, नुसत्या नवलाने, "मी जेवतेय अजून." ते ताट घेऊन तसेच उभे राहिले. ताटात अर्धा भात होता. बायको म्हणाली, "तुला आज कळलं? मी अठ्ठावीस वर्षं पटापट जेवते." दोघी हसल्या. डॉक्टरही हसले, ताट परत ठेवलं, पण त्यांच्या बोटांना त्या ताटाचा कोमट काठ त्या रात्री झोपेपर्यंत जाणवत राहिला. आपण ते उचललं केव्हा? उचलायचं ठरवलं केव्हा? आठवेना. हाताने परस्पर केलं होतं. आणि मग, एकदा दार उघडलं की मागची सगळी मंडळी एकेक करून आत येतात तशी, आठवणी यायला लागल्या. पाहुणे निरोप घेत असतानाच विझवलेले व्हरांड्यातले दिवे. शाळेत, बाईंनी बघायच्या आत पाटीवरून पुसलेलं बरोबर आलेलं गणित. आणि ती मागणी. बागेच्या बाकावर त्यांनी बायकोला, तेव्हा ती बायको नव्हती, नीट पाठ केलेलं एक वाक्य म्हणून दाखवलं होतं, आणि तिने तोंड उघडायच्या आत घाईघाईने म्हटलं होतं, "नाही म्हणजे, विचार करून सांग. घाई नाही. नाही म्हटलंस तरी चालेल." ती बाई आठवडाभर 'हो' तोंडात धरून बसली. ही गोष्ट ती आजही कोणालाही सांगते, आणि शेवटी म्हणते, "दातांचे डॉक्टर ना! माझ्या तोंडातलंसुद्धा काढून घेतलं."

मुलीने ताटाची गोष्ट सासूला सांगितली असणार. कारण पुढच्याच आठवड्यात विहिणीचा फोन आला. "व्याही, शनिवारी मोकळे आहात? तुम्हाला एक वस्तू फेकायला द्यायची आहे." विहीण एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेली. सत्तर फुटांवरच्या काचेच्या खोलीत बसून तिने जहाजांतल्या पेट्या उचलल्या आणि चार बोटांच्या फटीत अलगद उतरवल्या. निवृत्त झाल्यावर तिला जमिनीवर करमेना, म्हणून ती हा खेळ शिकली. बाईचं बोलणं मोजकं, बघणं सावकाश. समोरच्या माणसाकडेही ती जरा वरून बघितल्यासारखं बघायची, आधी टोपी, मग खांदे, मग पाय. डॉक्टरांना लग्नाच्या बोलण्यांपासून तिची धास्ती होती. मुलीचे वडील म्हणून नव्हे. ही बाई उत्तर येईपर्यंत थांबते म्हणून. प्रश्न विचारून ती गप्प बसायची, आणि ती गप्प बसली की डॉक्टर तिच्या प्रश्नाला दोन-तीन उत्तरं देऊन टाकायचे, एकमेकांच्या विरुद्ध.

हॉल म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं गोदाम. आत ओल्या लाकडाचा वास, कारण फळ्यांवर सारखं पाणी शिंपडावं लागतं. सुकी फळी कुऱ्हाड धरत नाही, झटकून टाकते. पाच उभ्या फळ्यांचा एक फळा, त्यावर रंगवलेली वर्तुळं: बाहेरून आत एक, दोन, तीन, चार, आणि मधल्या लाल वर्तुळाला सहा. वरच्या दोन कोपऱ्यांत रुपयाएवढा एकेक निळा ठिपका, आठ गुणांचा. पण तो फुकट मिळत नाही. शेवटच्या दोन फेकींतच मागता येतो, आणि फेकायच्या आधी सगळ्यांच्या देखत मोठ्याने "निळा" म्हणावं लागतं. म्हटलं आणि ठिपका चुकला तर बाकी कुठेही लागो, शून्य. हे सगळं विहिणीने पहिल्या दिवशी सांगितलं, आणि मग, जिन्याची शेवटची पायरी दाखवावी तसं, "आता मुख्य ऐका," म्हणाली. "आपले गुण आपण सांगायचे नाहीत. तुमचे मी सांगणार, माझे तुम्ही. दोघांनी एकदम फेकायचं, दोघांनी बरोबर चालत जायचं, एकमेकांचा फळा बघायचा. आणि मी आकडा म्हणेपर्यंत तुम्ही तुमच्या कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. काढलीत की शून्य. मग ती लाल वर्तुळात असली तरी."

"आणि समोरच्याने खोटा आकडा सांगितला तर?"

"तर पंच आहे. पण तशी वेळ येत नाही. दुसऱ्याच्या लाकडाकडे बघताना माणूस सहसा खोटं बोलत नाही, व्याही. स्वतःच्याकडे बघताना बोलतो."

पहिल्या दिवशी पहिल्या वीस फेकींत त्यांची एकही कुऱ्हाड लागली नाही. दांड्याने आपटून सिमेंटवर पडत राहिली. एकविसाव्या की बाविसाव्या फेकीला मात्र लागली, आणि तो आवाज डॉक्टरांना अजून आठवतो. ठक् नाही, त्याहून ओला, त्याहून बुटका, दाराची कडी बरोबर खाचेत बसावी तसा. दांडा अंगातच थोडा थरथरला आणि थांबला. तीस वर्षं ते वस्तू बाहेर काढत आले होते. ही पहिली वस्तू त्यांनी आत घातली आणि ती आत राहिली. ते जवळजवळ पळत गेले आणि डाव्या-उजव्या दोन हलक्या हिसक्यांनी, दाढ सैल करतात तसे, त्यांनी ती उपटून काढली. मागून विहिणीचा आवाज आला. "शून्य." आणि मग, ती हसते हे डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं.

दीड वर्षात फेक सुधारली. मनगट न वळवता खांद्यातून सोडायचं, डावा पाय रेघेच्या आत, सोडल्यावर हात तसाच पुढे, हे सगळं हाताने घेतलं. खांद्यात एक नवं, सुखाचं दुखणं आलं. दवाखान्यात पेशंटना भूल चढेपर्यंत थांबताना त्यांची नजर समोरच्या भिंतीवर वर्तुळं काढायची. संध्याकाळी भूक लागायची, खरी भूक, आणि बायको म्हणायची, "आता ताट तुमचं मी उचलू का?" फक्त ती एक खोड जाईना. कुऱ्हाड नीट लागली की हात पुढे. आणि गंमत अशी की वाईट लागली तर नाही. दोनाच्या वर्तुळात तिरकी अडकली तर ते शांतपणे उभे राहायचे, विहिणीला हवं तेवढं बघू द्यायचे. सहाच्या लालमध्ये रुतली की पाऊल टाकायच्या आधीच त्यांची बोटं आखडायला लागायची. याचं कारण त्यांनी बसमधून जाताना, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली कुऱ्हाड घेऊन, पुष्कळदा शोधलं. मग त्यांना कॉलेजातली पहिली दाढ आठवली. प्राध्यापक खडूस होते. "अवजार तोंडात ठेवून मान वळवायची नाही," हे त्यांचं वाक्य, वर्गात रोज एकदा. त्या दिवशी डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या शिंप्याची खालची दाढ अशी सुंदर काढली की शिंप्याला कळलंही नाही. मुळं अखंड, तीन थेंब रक्त. मान वर करून बघितलं तर प्राध्यापक दोन खुर्च्या पलीकडून येत होते. ते पोचेपर्यंत डॉक्टरांनी दाढ कापसात गुंडाळून डब्यात टाकली होती, डबा बंद केला होता, शिंप्याला तोंड मिटायला सांगितलं होतं. "दाखव," प्राध्यापक म्हणाले. "कुठाय?" डब्यात वीसएक दाढा, सगळ्या सारख्या. "तू काढलीस की ती आपली आपण पडली, मला कसं कळावं?" आणि वहीवर त्यांनी काहीच लिहिलं नाही. नापासही नाही. काहीच नाही. वाईट कामाची लाज सगळ्यांना असते, बसमध्ये डॉक्टरांना वाटलं. आपल्याला चांगल्या कामाची आहे. चांगलं झालेलं काम कोणी नीट बघितलं तर त्यातली खोट सापडेल. त्यापेक्षा आवरून ठेवलेलं बरं. आणि एवढं समजूनही, शेजारचा माणूस टॉवेलाकडे बघतोय म्हणून त्यांनी कुऱ्हाड पायाशी ठेवली.

उपाय विहिणीने सांगितला. चालत जाताना उजवं मनगट डाव्या हाताने पाठीमागे धरायचं, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखं, आणि ती आकडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आज दहापैकी पहिल्या आठ फेकी त्यांनी तसंच केलं होतं. एकमेकांचे आकडे दोघांनी एकेक करून म्हटले. हॉलवाला, जो पंचही होता, उंच स्टुलावर बसून पाटीवर लिहीत होता. आठ फेकींनंतर विहीण बेचाळीस, डॉक्टर एकोणचाळीस. जाळीपलीकडे पंधरा-वीस लोक, पुढच्या बाकावर मुलगी आणि बायको. नात आता पट्टा सोडून जाळीकडे झुकली होती. सकाळी, घरातून निघताना, नेहमीप्रमाणे डॉक्टरांनी हात धुऊन तिच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं होतं. काही नाही. गुळगुळीत, गरम, ओली हिरडी. आठ महिने झाले, दातांच्या डॉक्टरांच्या नातीला दात नाही, याची थट्टा दवाखान्यातली पोरगीसुद्धा करायची, आणि विहीण म्हणायची, "उशीर तुमच्या बाजूचा आहे, व्याही. आमच्याकडे सगळं वेळेवर." नात बोट चावायला बघायची, आणि ती चावायच्या आत डॉक्टरांचं बोट बाहेर आलेलं असायचं.

नवव्या फेकीला डॉक्टर "निळा" म्हणाले.

विहिणीने मान वळवून एकदा त्यांच्याकडे बघितलं, आधी कपाळ, मग खांदे, मग पाय, आणि मग आपल्या फळ्याकडे. पंचाने हात खाली केला. डॉक्टरांना पुढे आठवतं ते एवढंच की कुऱ्हाड हातातून गेली तेव्हा तिला वजन नव्हतं. तिने हवेत एक पूर्ण गिरकी घेतली, अगदी आळसाने, जणू तिला कुठेही जायची घाई नाही, आणि उजव्या कोपऱ्यात तो बुटका, ओला आवाज झाला. निळा ठिपका दिसेना. पात्याने तो झाकला होता, सगळाच्या सगळा. कोणीतरी मागे "आई गं" म्हणालं. डॉक्टरांच्या छातीत काहीतरी इतकं मोठं भरून आलं की ते कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. ते चालत गेले. विहीण त्यांच्या फळ्यासमोर वाकत होती, चष्मा वर करत होती, तोंड उघडत होती, आणि दांडा डॉक्टरांच्या हातात होता. फळ्यातली चीर रिकामी होती.

धक्का मोठा नव्हता. जिना संपला असं समजून टाकलेलं पाऊल आणखी एका पायरीवर पडावं, तेवढाच. पण नंतर डॉक्टरांना चमच्याचा टण्ण आवाज ऐकू आला. त्यांनी दांड्याकडे बघितलं. डावा हात पाठीमागेच होता, मुठीत काहीच न धरता. जाळीपलीकडून बायको, खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या खालच्या, म्हणाली, "बाग. अगदी बाग."

पंच स्टुलावरून उतरला. त्याचंही तोंड उतरलं होतं. निळा त्याच्या हॉलमध्ये वर्षातून दोनदाच लागायचा. तो विहिणीसमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं ते असं विचारलं की उत्तर त्यातच होतं. "बाई, यांनी काढायच्या आधी तुम्ही आठ म्हटलं होतं. म्हटलं होतंत ना?"

सगळे विहिणीकडे बघायला लागले. हिशेब सोपा होता. तिने स्वतः या फेकीला चार काढले होते, म्हणजे शेहेचाळीस. तिने 'हो' म्हटलं तर डॉक्टर सत्तेचाळीस, एका गुणाने पुढे, आणि एक फेक बाकी. तिने 'नाही' म्हटलं तर डॉक्टर एकोणचाळीसवरच. एका शब्दाचा फरक, आणि तो शब्द खोटा होता असंही कोणी छातीठोक म्हणू शकलं नसतं, कारण तिचं तोंड उघडं सगळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरांच्या मनात आलं, ही म्हणेल. मुलीचा बाप आहे, सून बघतेय, नात बघतेय. आणि त्याबरोबर त्यांच्या पोटात एक जुना, ओळखीचा थकवा पसरला. कोणीतरी आपल्यामागे आवरतंय याचा थकवा. आयुष्यभर त्यांनी स्वतःचं आवरलं होतं. आता दुसरी आवरणार.

"नाही," विहीण म्हणाली. "म्हणणार होते. म्हटलं नव्हतं."

"मग शून्य," पंच म्हणाला, आणि पाटीकडे गेला.

आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना स्वतःलाच याचं नवल वाटलं. खुंटी गेल्यात जमा होती, कुऱ्हाड गेली होती, पुढच्या शनिवारपासून ते पुन्हा दुपारी झोपणारे गृहस्थ होणार होते. आणि तरी त्यांना हसू येत होतं. रेघेकडे परत जाताना विहीण त्यांच्या शेजारून चालत होती.

"राग आला?" तिने विचारलं, आणि नेहमीसारखी थांबली.

या वेळी डॉक्टरांनी घाई केली नाही. खरंच शोधलं. "नाही," ते म्हणाले.

"बरं केलंत. मी आठ म्हटलं असतं तर खुंटी तुमची झाली असती. पण जावयाच्या आईकडून काही फुकट घेऊ नये, व्याही. ती जन्मभर ऐकवते."

"तुम्ही ऐकवलं असतं?"

"प्रत्येक वाढदिवसाला."

दहावी फेक. पाटीवर शेहेचाळीस आणि एकोणचाळीस. डॉक्टरांना एकच वाट होती: त्यांनी निळा घ्यायचा आणि विहिणीने शून्य काढायचं. गेल्या चार वर्षांत शेवटच्या फेकीला तिने चारच्या खाली काही काढलं नव्हतं, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. लालमध्ये टाकून अब्रूचे सहा घ्यावेत, असं कोणीही शहाणा म्हणाला असता. डॉक्टर "निळा" म्हणाले. मागे कोणीतरी "सोडा हो डॉक्टर" म्हणालं. त्यांना मात्र त्या कोपऱ्यातली ती रिकामी चीर दिसत होती, ओठ नुकतेच मिटलेत अशी, आणि तिच्याशी आपलं काही बोलणं अर्धं राहिलंय असं वाटत होतं. हात सुटला. दोन आवाज जवळजवळ एकदम झाले. विहिणीची कुऱ्हाड लालमध्ये, तिच्या पेट्यांसारखी, अलगद. डॉक्टरांची वर उजव्या कोपऱ्यात.

दोघं चालत गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, पण मनगट धरलं नाही. धरायची गरज वाटली नाही. आधी त्यांनी विहिणीचा फळा बघितला. "सहा," ते म्हणाले, आणि हा आकडा म्हणताना तोंडात गोड चव आली. मग ती त्यांच्या फळ्याकडे वळली. वाकली. चष्मा वर केला. पातं ठिपक्याच्या अगदी खाली होतं. निळ्या रंगाची कड आणि लोखंड यांच्यात लाकडाचा एक धागा, नखाच्या जाडीचा. तिने करंगळीचं नख त्या धाग्यावर ठेवून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग परत पहिल्या. डॉक्टर उभे होते. त्यांची कुऱ्हाड उघड्यावर होती, सगळ्यांच्या देखत, आणि एक माणूस तिच्याकडे सावकाश बघत होता, आणि काही होत नव्हतं. छत पडत नव्हतं. दांडा थरथरून केव्हाच थांबला होता. ओल्या लाकडातून पाण्याचा एक थेंब पात्याच्या कडेवर आला, लोंबला, पडला. लाकडाचा वास येत होता. मागे नात काहीतरी एकच अक्षर पुनःपुन्हा म्हणत होती. डॉक्टरांना वाटलं, हिने आणखी थोडं बघावं. शिंप्याची दाढ अशी त्यांनी हातात धरून ठेवायला हवी होती. बागेतल्या बाकावर तसंच गप्प बसायला हवं होतं. बायकोने एका मिनिटात हो म्हटलं असतं.

"शून्य," विहीण शेवटी म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "पण चांगलं शून्य, व्याही. नखभर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या; कोणासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. पंचाने पाटीवर बावन्न आणि एकोणचाळीस लिहिलं आणि सातव्या खुंटीवरची धूळ बाहीने पुसली. विहिणीने आपली कुऱ्हाड काढली, पुसली, टांगली, एक पाऊल मागे जाऊन बघितली आणि किंचित डावीकडे सरकवली.

"डॉक्टर, तुमची काढा," हॉलवाला म्हणाला. "हा फळा आज उतरवायचाय. उद्या नव्या फळ्या लावतोय."

डॉक्टर फळ्याकडे गेले. दांड्याला हात लावला. मग हात खाली घेतला. "राहू द्या," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आहे तशी राहू द्या. ती कडेची फळी कुऱ्हाडीसकट उतरवा आणि त्या कोपऱ्यात उभी करा, बादलीजवळ. मी शनिवारी येऊन काढीन. खेळून झालं की परत त्याच फळीत मारीन."

हॉलवाल्याने डोकं खाजवलं. "पण खुंट्या आठच आहेत, डॉक्टर. ठरलंय ना."

"मी खुंटी मागत नाहीये. फळीबद्दल काही ठरलंय का?"

"नाही, पण उद्या सगळेच असं म्हणायला लागले तर?"

"तर सगळ्यांना आधी लागोपाठ दोन शून्यं काढून दाखवायला सांग," विहीण मागून म्हणाली. "निळ्यावरची. मग बोला म्हणावं." आणि डॉक्टरांकडे वळून, "ओल्या फळीत गंजेल पण."

"गंजू दे. दर शनिवारी घासीन."

हॉलवाल्याने मळसूत्रं सैल केली. फळी जड होती, पाणी प्यालेली. दोघांनी मिळून ती उचलून कोपऱ्यात उभी केली, वर कुऱ्हाड तशीच, जरा तिरकी, निळ्या ठिपक्याच्या नखभर खाली, आणि ठिपक्यातून जाणारी ती दुसरी चीर, जिचा कुठेच काही आकडा नव्हता. बायको नातीला घेऊन जाळीतून आत आली. "झालं का आवरून?" तिने विचारलं.

"नाही आवरलं," डॉक्टर म्हणाले. "तिथेच ठेवली."

बायकोने कोपऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, जरा जास्त वेळ, आणि नातीला त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी बादलीशेजारच्या नळावर एक हात धुतला, सवयीने, आणि बोट खालच्या हिरडीवरून फिरवलं. मध्यावर बोट अडखळलं. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी, टोकदार. सकाळी नव्हतं, किंवा सकाळी बोट तेवढा वेळ थांबलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मुलगी दोन पावलांवर होती, तिला स्वतः सापडू दे. विहीण बघत होती. आधी कपाळ, मग खांदे, मग बोट.

तेव्हा एकंदर झालं ते असं: खुंटी विहिणीला मिळाली, दोन्ही घरांतल्या जमिनी नातीला रांगायला मिळाल्या, आठ गुण लाकडात गेले ते कोणालाच मिळाले नाहीत. गंजाची भरपाई दर शनिवारी व्हायची होती. त्या संध्याकाळपुरतं जे द्यायचं होतं ते डॉक्टरांच्या बोटाने दिलं. नातीने जोर लावून चावा घेतला, नवाकोरा, आणि डॉक्टरांनी बोट काढलं नाही.